ऑस्ट्रेलिया ‘अस्त्रालय’ नव्हतं, मामा

ॲडलेडहून उत्तरेला निघालो होतो. पोर्ट ऑगस्टा मागे पडलं, मोबाइलची रेंज जायच्या बेतात होती, आणि नेमका तेवढ्यात मामांच्या फोनवर तो मेसेज येऊन पडला. कऱ्हाडच्या निवृत्त शिक्षकांचा ग्रुप. मामा मागच्या सीटवर होते. चष्मा कपाळावर सरकवून, वर्गात धडा वाचावा तसे ते मोठ्याने वाचू लागले. मेसेज थोडक्यात असा:

“ऑस्ट्रेलियाचं मूळ नाव अस्त्रालय. पांडवांनी दिव्य अस्त्रं तिथे ठेवली होती, बूमरँग हे त्यातलंच उरलेलं अस्त्र. तिथले आदिवासी आजही कपाळावर तिसरा डोळा रंगवून शिवनृत्य करतात. हे लोक ४,००० वर्षांपूर्वी भारतातून गेले हे डीएनएने सिद्ध झालंय. पुढे संस्कृतीशी नाळ तुटली आणि ते रानटी झाले. ना शेती, ना घरं, ना राज्य. उलुरू हे स्वयंभू शिवलिंग, म्हणूनच गोऱ्या सरकारने तिथे चढायला बंदी केली. आज सरकार या लोकांना घरबसल्या फुकट पोसतं. २०२३ मध्ये संसदेत आवाज देऊ केला, तोही त्यांनी नाकारला. शेअर करा.”

“काय गं, चौदा वर्षं राहतेस इथं, आणि कधी बोलली नाहीस?” मामा म्हणाले.

एरवी अशा मेसेजला मी दोन जोडलेले हात पाठवते आणि सुटते. पण उलुरूपर्यंत, म्हणजे देशाच्या मधोमध वाळवंटात उभ्या असलेल्या त्या अवाढव्य खडकापर्यंत, अजून जवळजवळ १,३०० किलोमीटर आम्हाला एकाच गाडीत काढायचे होते. शिवाय हा मेसेज मला सासरहून, माहेरहून आणि मेलबर्नच्या दोन मराठी ग्रुपांवरून आलेला आहे. पाठवणाऱ्यांत दोन डॉक्टर आहेत. दर खेपेला त्याचं शेपूट वाढतं. संसदेतल्या आवाजाची ओळ २०२३ नंतर चिकटली. तेव्हा मामांना चार दिवसांत तुकड्यातुकड्याने जे सांगितलं, ते एकदा सलग लिहून ठेवते.

“मूळ नाव अस्त्रालय”

संधी बिनचूक आहे. अस्त्र अधिक आलय. मामांनी तीस वर्षं संस्कृत शिकवलं, त्यांना तिथेच गुदगुल्या झाल्या. पण ‘ऑस्ट्रालिस’ हा लॅटिन शब्द, अर्थ दक्षिणेकडचं. उत्तर गोलार्धात एवढी जमीन आहे तर तोल राखायला दक्षिणेतही असणार, या अंदाजावर युरोपातले नकाशे काढणारे न पाहिलेल्या भूखंडाला ‘टेरा ऑस्ट्रालिस’, म्हणजे दक्षिणभूमी, म्हणत आले. डच खलाशांनी इथला किनारा पाहिला, तेव्हा त्याला न्यू हॉलंड म्हटलं. मॅथ्यू फ्लिंडर्सने १८०१ ते १८०३ या काळात गलबतातून खंडाला प्रदक्षिणा घातली आणि ‘ऑस्ट्रेलिया’ हे नाव लावून धरलं. गव्हर्नर मॅक्वॉरीने १८१७ मध्ये तेच रूढ करावं अशी शिफारस केली. म्हणजे नाव आधी युरोपात जन्मलं, जमीन मागाहून सापडली. इथल्या लोकांनी अख्ख्या खंडाला हे नाव कधी दिलंच नव्हतं. १७८८ मध्ये इथे अडीचशेहून जास्त भाषा बोलल्या जात होत्या आणि प्रत्येक जमातीला आपापल्या भूमीसाठी आपलं नाव होतं.

कानाला सारखा लागणारा शब्द हा फार लबाड साक्षीदार असतो. उत्तर क्वीन्सलंडमध्ये म्बाबरम नावाची भाषा होती, तिच्यात कुत्र्याला ‘डॉग’ म्हणत. भाषाशास्त्रज्ञांनी तपासलं: इंग्रजीशी काडीचा संबंध नाही, आसपासच्या भाषांतल्या शब्दापासून झिजत झिजत तो तिथवर आला, निव्वळ योगायोग.

मामांना हे पुस्तकी वाटलं. पण दुसऱ्या दिवशी कूबर पेडी आलं. ओपल रत्नांच्या खाणींचं गाव. उन्हाळ्याच्या भट्टीतून सुटायला अर्धे लोक जमिनीखाली कोरलेल्या घरांत राहतात. हे नाव स्थानिक ‘कुपा पिटी’वरून आलं, असं मी म्हणायचा अवकाश, मामा ताडकन पुढे सरकले. “कूप! कूप म्हणजे विहीर. सगळीकडे खड्डेच आहेत की. आता बोल!”

आता बोलले. ‘कुपा’ म्हणजे गोरा माणूस. खड्डा तो ‘पिटी’. गोऱ्या माणसाचं बीळ, असा काहीसा त्याचा अर्थ सांगतात. मामा बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. मग स्वतःशीच हसले.

“दिव्य अस्त्रं”

बूमरँगचं एका दमात उरकते. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या वायरी स्वॉम्प या दलदलीत लाकडी बूमरँग सापडले, ते सुमारे १०,००० वर्षांपूर्वीचे. मेसेजवाले महाभारताला ५,००० वर्षं देतात. म्हणजे त्यांच्याच हिशेबाने पांडव जन्मायच्या आधी ५,००० वर्षं इथे पोरं बूमरँग फेकत होती. बहुतेक शिकारी बूमरँग परत येतही नाहीत. सरळ वेगाने जातात, कांगारूचं तंगडं मोडतात आणि तिथेच पडतात. फेकायच्या काठ्या जगात पुष्कळ ठिकाणी होत्या. तुतनखामेनच्या थडग्यातही निघाल्या.

पण अस्त्रांबद्दल मला मामांशी वेगळंच बोलायचं होतं. आम्ही ज्या रस्त्याने चाललो होतो त्या स्टुअर्ट हायवेच्या कडेला पाट्या आहेत: हा संरक्षण खात्याचा प्रतिबंधित प्रदेश, रस्ता सोडून आत जाऊ नये. वूमेरा प्रतिबंधित क्षेत्र. सुमारे १,२२,००० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या तिसऱ्या हिश्श्याहून मोठं. १९४७ मध्ये ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियाने मिळून इथे अग्निबाणांच्या चाचण्यांचा तळ उभारला. ‘वूमेरा’ हा सिडनीकडच्या धारुग भाषेतला शब्द आहे: भाला लांब फेकण्यासाठी वापरतात ती लाकडी फळी. शस्त्राचं नाव त्यांचं घेतलं, जमीनही त्यांचीच घेतली.

इथल्याच वाळवंटात ब्रिटनने अणुबॉम्ब फोडले. १९५३ मध्ये ईमू फील्डला दोन, १९५६-५७ मध्ये मारालिंगाला सात. त्या अवाढव्य मुलखात पायी फिरणारी कुटुंबं शोधून बाजूला काढायला सुरुवातीला एकच गस्त अधिकारी होता. ईमू फील्डच्या पहिल्या स्फोटानंतर वॉलाटिनाच्या आदिवासी वस्तीवर काळं, तेलकट धुकं जमिनीलगत सरकत आलं. यामी लेस्टर तेव्हा लहान मुलगा होता. पुढे त्याची दृष्टी गेली. मोठेपणी तो या वाळवंटातल्या मूळच्या अनंगू लोकांचा नेता झाला, आणि त्या धुक्याची गोष्ट त्याने इतकी लावून धरली की १९८४ मध्ये सरकारला या चाचण्यांसाठी चौकशी आयोग नेमावा लागला. मारालिंगाच्या जमिनीची मालकी त्याच वर्षी मूळच्या लोकांना परत मिळाली. प्लुटोनियम मात्र मातीत होतं, आणि ते काढण्याचं काम २००० पर्यंत चाललं.

वॉलाटिना मार्लाच्या जवळ आहे, आणि मार्ला आमच्या वाटेवर. पेट्रोल भरायला थांबलो तेव्हा मामांनी फोनवर तो मेसेज पुन्हा उघडला होता. या खंडाला अस्त्रालय म्हणायचंच असेल तर एवढ्या एका अर्थाने म्हणा, आणि अस्त्रं कुणी कुणावर टाकली तेही खाली लिहा, असं मी म्हटलं. जरा खोचक झालं. त्यांनी मनावर घेतलं नाही.

“तिसरा डोळा आणि शिवनृत्य”

मेसेजसोबतच्या फोटोत दिसतात ते रंग म्हणजे गेरू, पिवळी माती आणि शाडूसारखी पांढरी माती. अंगावरची नक्षी म्हणजे हौसेची वेलबुट्टी नव्हे. कोण कुठल्या भूमीचा, कोणत्या नात्याचा, कोणत्या कथेचा वारस, हे त्या रेघा आणि ठिपके सांगतात. दुसऱ्याची नक्षी आपल्या अंगावर काढायची परवानगी नसते, आणि काही नक्षी परक्यांनी पाहायचीही नसते. त्यातला एक ठिपका उचलून आपण त्याला शंकराचा डोळा म्हणतो.

मामा दर आषाढीला फलटणपासून वाखरीपर्यंत चालतात. मी विचारलं, उद्या कुणी डार्विनहून येऊन तुमच्या कपाळावरचा गोपीचंदन-बुक्का पाहिला आणि म्हणाला, हे तर आमच्या आजोबांचं, तुम्ही विसरलात एवढंच, तर?

“कानाखाली देईन,” मामा म्हणाले. संस्कृत शिक्षकाच्या तोंडी हे नवीन होतं.

“डीएनएने सिद्ध झालंय”

सगळ्या मेसेजमध्ये खऱ्याचा कण आहे तो इथे, म्हणून इथे जरा थांबते. २०१३ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांच्या एका गटाने खरोखरच तसा निबंध छापला होता. उत्तर ऑस्ट्रेलियातल्या काही आदिवासींच्या जनुकांत त्यांना भारताशी जुळणारा अंश दिसला आणि तो सुमारे ४,२३० वर्षांपूर्वी आला असावा, असा त्यांचा अंदाज होता. वर्तमानपत्रांनी मथळे केले. भारतातल्या वर्तमानपत्रांनी जास्तच.

पुढचा भाग मथळ्यात आला नाही. २०१६ मध्ये आदिवासी पुरुषांच्या वाय गुणसूत्रांची संपूर्ण क्रमवारी लावली गेली. त्यात अलीकडच्या भारतीय स्थलांतराची खूण सापडली नाही. आशियातल्या वंशशाखांपासूनची फारकत सुमारे ५०,००० वर्षांपूर्वीची निघाली. त्याच वर्षी ८३ आदिवासींच्या संपूर्ण जनुकसंचाचा मोठा अभ्यास झाला. त्यानुसार हे लोक आणि पापुआचे लोक युरोप-आशियाच्या बाकीच्या माणसांपासून ५१,००० ते ७२,००० वर्षांपूर्वी वेगळे झाले. आणि घटकाभर २०१३ चा निबंध तंतोतंत खरा धरला तरी त्यातून काय निघतं? घर बांधून पन्नास हजार वर्षं झाल्यावर कुणी पाहुणा येऊन गेला असेल. घर त्याने बांधलं असं नाही निघत.

उत्तरेतल्या माजेडबेबे या खडकाच्या कपारीतली माणसाची वस्ती सुमारे ६५,००० वर्षांपूर्वीची मानली जाते; काही तज्ज्ञांना हा आकडा जास्त वाटतो, ते ५०,००० च्या आसपास थांबतात. मला मात्र आकड्यांपेक्षा मंगो तलाव जवळचा. न्यू साउथ वेल्सच्या पश्चिमेला, मिल्ड्युरापासून कच्च्या रस्त्याने आत गेलं की हा हजारो वर्षं कोरडा पडलेला तलाव लागतो. १९६८ मध्ये भूशास्त्रज्ञ जिम बाउलर यांना तिथल्या वाळूच्या टेकाडात एका स्त्रीचे अवशेष सापडले. तिला अग्नी दिला होता, मग हाडं फोडून पुन्हा जाळली होती आणि पुरली होती. सुमारे ४०,००० वर्षांपूर्वी. जगात ठाऊक असलेल्या सर्वांत जुन्या दहनांपैकी हे एक. सहा वर्षांनी जवळच एक पुरुष सापडला. त्याला पुरताना अंगावर गेरू शिंपडला होता, आणि तो गेरू त्या परिसरातला नाही, लांबून आणलेला.

हे ऐकून मामा म्हणाले, “दहन करायचे? म्हणजे बघ, आपलेच.”

मामांना मी अजून ओळखत नव्हते असं नाही. मी म्हटलं, चाळीस हजार वर्षांपूर्वी, मामा. वेद धरा, सिंधू संस्कृती धरा, भीमबेटकाची चित्रं धरा, काय धरायचं ते धरा. नातं लावायचंच तर आपण त्यांचे निघू, ते आपले नाहीत.

त्या स्त्रीचे अवशेष नेले होते विद्यापीठात. तिथल्या जमातींनी ते मागायला सुरुवात केली, आणि १९९२ मध्ये ती परत आली. पुरुषाला यायला २०१७ उजाडलं.

“संस्कृतीशी नाळ तुटली आणि रानटी झाले”

या ओळीत दोन खोटी आहेत. पहिलं ‘रानटी’. व्हिक्टोरियाच्या नैर्ऋत्येला बुज बिम या ज्वालामुखीच्या लाव्हाखडकांत गुंडित्जमारा लोकांनी चर खणले, दगडी बांध घातले आणि वाम मासे अडवून वाढवायची व्यवस्था उभी केली. त्यातला जुना भाग सुमारे ६,६०० वर्षांचा आहे. शेजारी दगडी घरांची जोती आहेत. २०१९ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारसा म्हटलं. बाकी खंडभर लोक हवा आणि गवताचा ओलावा पाहून थंड, छोटी आग लावून रान राखत. याला शेती म्हणायचं की नाही यावर तिथल्या अभ्यासकांत आजही कडाक्याचं भांडण आहे. माझं मत विचाराल तर ‘शेती होती’ असं सिद्ध करायची गरजच का पडावी? नांगर नाही म्हणून मालकी नाही, हा नियम कुणाचा?

तो नियम ब्रिटिशांचा. २६ जानेवारी १७८८ ला अकरा जहाजांचा तांडा सिडनीला लागला. जमीन कुणाचीच नाही, असं धरून कारभार सुरू झाला. १८३५ मध्ये जॉन बॅटमन नावाच्या गोऱ्याने मेलबर्नच्या जागेसाठी कुलिन लोकांशी चादरी, कुऱ्हाडी, आरसे देऊन करार केला. करार लबाडीचा होता. पण गव्हर्नरने तो लबाड म्हणून रद्द केला नाही. जमीन राजाची आहे, ती विकायचा हक्क या लोकांना नाहीच, म्हणून रद्द केला. हे कायदेशीर सोंग उतरवायला १९९२ च्या जूनची ३ तारीख उजाडली. टॉरेस सामुद्रधुनीतल्या मेर बेटाच्या एडी माबो यांचा खटला. निकाल ऐकायला ते नव्हते, पाचेक महिन्यांपूर्वी गेले होते.

आपला मेसेजही तेच सोंग घेऊन आलाय. ब्रिटिशांनी यांची जमीन रिकामी ठरवली. आपण यांचा इतिहास रिकामा ठरवतो आणि त्यात आपले पांडव आणून बसवतो. वर आपल्याला वाटतं की आपण त्यांना मान देतोय.

दुसरं खोटं म्हणजे नाळ ‘तुटली’. ॲडलेडमध्ये आमच्या घरापासून वीस मिनिटांवर ईडन हिल्स आहे. तिथे १९४४ पासून कोलब्रुक होम ही संस्था होती. त्याआधी ती क्वॉर्नला, आणि मुळात ऊडनाडाट्याला. उत्तरेकडच्या वाळवंटातली आदिवासी मुलं, विशेषतः ज्यांचे वडील गोरे, ती आयांपासून काढून अशा संस्थांत आणत. आपली भाषा बोलायची नाही, आईचं नाव काढायचं नाही. देशभर साधारण १९१० ते १९७० या काळात हे चाललं. १९९७ च्या राष्ट्रीय चौकशी अहवालाच्या अंदाजाने दहातलं एक ते तिनातलं एक मूल असं उचललं गेलं. पंतप्रधान केविन रड यांनी संसदेत माफी मागितली ती १३ फेब्रुवारी २००८ ला. ईडन हिल्सला आज छोटी बाग आहे, तिच्यात रिकाम्या हातांनी बसलेल्या आईचा पुतळा आहे. मामांना मी निघायच्या आदल्या दिवशीच तिथे नेलं होतं. मामांनी चपला काढल्या. मी काही सुचवलं नव्हतं.

“उलुरू हे शिवलिंग, म्हणून सरकारने बंदी केली”

१८७३ मध्ये विल्यम गॉसने या खडकाला दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या एका मंत्र्याचं नाव दिलं, एअर्स रॉक. नाव लादणाऱ्यांच्या रांगेत तो आपल्याआधी उभा आहे.

बंदी कुणी केली ते कागदोपत्री स्पष्ट आहे. २६ ऑक्टोबर १९८५ ला ही जमीन अनंगू लोकांना परत दिली गेली. अट अशी की त्यांनी ती राष्ट्रीय उद्यानासाठी ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने सरकारला द्यायची. उद्यानाच्या मंडळावर १२ सदस्य, त्यात ८ अनंगू. अनंगू वर्षानुवर्षं सांगत होते: चढू नका, ती वाट ‘माला’ नावाच्या पूर्वजांची आहे. शिवाय वर पाहुणा मेला की त्याचं सुतक आम्हाला. तीसेकांहून जास्त माणसं त्या चढणीवर गेली आहेत. तरी साखळी धरून लोक चढत होते. चढणाऱ्यांचं प्रमाण पर्यटकांच्या २० टक्क्यांखाली आल्यावर मंडळाने २०१७ मध्ये एकमताने ठराव केला, आणि २६ ऑक्टोबर २०१९ पासून, जमीन परत मिळाल्याच्या तारखेलाच, चढण बंद झाली. गोऱ्या सरकारची बंदी कुठली? घरमालकाने गच्चीचं दार लावलं. शेवटच्या आठवड्यांत तिथे रांगा लागल्या होत्या, आणि खरं सांगायचं तर त्या फोटोंत आपलेही लोक होते.

आम्ही पायथ्याने मुटिजुलूच्या पाणवठ्यापर्यंत चाललो. तिथल्या फलकावर कुनियाची गोष्ट आहे. कुनिया ही अजगर-स्त्री, अंडी घालायला पूर्वेकडून आली. लिरू या विषारी सर्पांनी तिच्या भाच्याला भाल्यांनी मारलं. तिने खणायच्या काठीने एका लिरूच्या डोक्यात दोन घाव घातले. ते घाव कड्यावर आजही दिसतात. मामांनी फलक दोनदा वाचला आणि विचारलं, “भाचा म्हणजे भावाचा की बहिणीचा? ही आत्या की मावशी?” इंग्रजी ‘नेफ्यू’ला या प्रश्नाची अक्कल नाही. अनंगूंना मात्र प्रश्न कळला असता; त्यांचं सगळं नात्यावरच चालतं. शिवलिंगाची गोष्ट मामांनी तिथे काढली नाही. कड्याच्या काही भागांचे फोटो काढू नयेत अशी पाटी होती, तिथे त्यांनी फोन खिशात घातला. पंढरपूरच्या गाभाऱ्यात फोन काढत नाहीत, तसं.

“सरकार फुकट पोसतं”

बेकारभत्ता सगळ्यांना त्याच दराने मिळतो, माझ्या शेजारच्या गोऱ्या बेकारालाही. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी वेगळी शिष्यवृत्ती आहे, ती खरी. पण वेगळेपणाचा दुसरा नमुना मेसेजमध्ये नाही. २००७ मध्ये केंद्र सरकारने नॉर्दर्न टेरिटरीतल्या आदिवासी वस्त्यांत ‘हस्तक्षेप’ केला, त्यासाठी वंशभेदविरोधी कायदा बाजूला ठेवला आणि लोकांचा निम्मा भत्ता ठरावीक दुकानांतच खर्च करता येईल असा अडकवून ठेवला. वस्त्यांच्या तोंडाशी दारूबंदीच्या मोठमोठ्या निळ्या पाट्या लागल्या. आपल्या गल्लीच्या तोंडाशी अशी पाटी लावून बघा.

आणि कोण कुणाला पोसत होतं हाही प्रश्न आहेच. उत्तरेतली गुरांची राज्यं आदिवासी गुराख्यांच्या घामावर उभी राहिली. पीठ, साखर, चहा आणि नावापुरते पैसे यांवर. २३ ऑगस्ट १९६६ ला व्हिन्सेंट लिंगियारी यांच्या मागे २०० च्या आसपास गुरिंजी माणसं वेव्ह हिलच्या कुरणावरून उठून चालती झाली. आधी पगाराची मागणी होती, मग जमिनीचीच झाली. नऊ वर्षांनी पंतप्रधान व्हिटलम यांनी लिंगियारींच्या मुठीत माती ओतली. लाडावलेल्या लोकांचं आयुर्मान बाकीच्यांपेक्षा आठ वर्षांनी कमी नसतं. लोकसंख्येत ३.८ टक्के असून तुरुंगात तिनातला एक कैदी त्यांचा नसतो.

“आवाज देऊ केला, तोही नाकारला”

गणित करा. १४ ऑक्टोबर २०२३ च्या सार्वमतात ६० टक्के मतं विरोधात गेली. ३.८ टक्के लोक ६० टक्के मतं कुठून आणणार? उलट नॉर्दर्न टेरिटरीच्या दूरच्या, बहुसंख्य आदिवासी मतदार असलेल्या केंद्रांवर ‘हो’ला घसघशीत बहुमत होतं. आदिवासी पुढाऱ्यांत विरोधकही होते, दोन्ही टोकांचे: जसिंटा प्राइस म्हणाल्या, याने फूट पडेल, लिडिया थॉर्प म्हणाल्या, हे फारच तोकडं आहे. पण नाकारलं ते बाकीच्या देशाने.

मागितलं काय होतं? संसदेला सल्ला देणारी समिती. जागा नाहीत, नकाराधिकार नाही. आमच्या मराठी मंडळींच्या चहाच्या टेबलावर तेव्हा ‘इथेही आरक्षण आणतायत’ अशी कुजबुज होती, आणि ती करणाऱ्यांच्या महाराष्ट्रात लोकसभेच्या चार जागा अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत. नंदुरबारच्या खासदाराला जे संविधानाने मिळतं, त्याच्या पासंगालाही हा ‘आवाज’ पुरला नसता. मी ‘हो’ म्हणून मत दिलं. हरले.

आता आमच्या बाजूचंही एक खोटं. माझ्या मुलीच्या मैत्रिणीने दुसऱ्याच दिवशी पाठवलं: ‘१९६७ पर्यंत आदिवासींची गणना वनस्पती-प्राणी कायद्याखाली होत होती.’ ऐकून चीड येते, म्हणून पसरतं. पण असा कायदा कधीच नव्हता. १९६७ च्या सार्वमताने मतदानाचा हक्कही दिला नाही. केंद्रातला हक्क १९६२ मध्ये आला, क्वीन्सलंडमधला १९६५ मध्ये. १९६७ ने संविधानातून दोन ठिकाणचं वगळणं काढलं: लोकसंख्येत धरू नये हे कलम, आणि केंद्राने त्यांच्यासाठी कायदे करू नयेत ही बंदी. ९० टक्क्यांवर लोक ‘हो’ म्हणाले. खरं पुरेसं वाईट असताना खोटं कशाला, हे मी तिला लिहिलं. तिने अंगठा पाठवला.

परतीच्या वाटेवर मामा जरा गप्प होते. भारताचा काही म्हणजे काहीच संबंध नाही का, असं शेवटी त्यांनी विचारलं, आणि मला त्यांची दया आली, कारण संबंध आहे की! ज्या रस्त्याने आपण चाललोय त्याच्या पूर्वेकडून १८७२ मध्ये तारेचे खांब गेले, ॲडलेडची तार डार्विन, जावा, सिंगापूर, मद्रास, मुंबई करत लंडनला जायची. वाळवंटात सामान वाहायला उंट आणले ते कराचीहून, आणि त्यांच्याबरोबर बलुचिस्तान, सिंध, पंजाब, सरहद्दीकडचे सुमारे २,००० सारवान, म्हणजे उंट हाकणारे, आले. इथे सगळ्यांना सरसकट ‘अफगाण’ म्हणत. ॲडलेड-डार्विन रेल्वेचं ‘घान’ हे नाव त्यावरूनच. १९०१ च्या ‘फक्त गोऱ्यांचा ऑस्ट्रेलिया’ या धोरणाने त्यांना बायकापोरं आणू दिली नाहीत. काहींनी आदिवासी स्त्रियांशी लग्नं केली. त्यांची नातवंडं-पतवंडं आज मारी आणि ॲलिस स्प्रिंग्जला आहेत.

आणि सगळ्यात गोड ते उत्तरेकडे. ब्रिटिश यायच्या आधीपासून सुलावेसी बेटावरच्या मकस्सरचे कोळी दरवर्षी मोसमी वाऱ्याबरोबर आर्नहेमलंडला येत, तिथल्या योलंगू लोकांशी व्यवहार करून समुद्रकाकड्या (समुद्रतळावरचे काकडीसारखे दिसणारे प्राणी) गोळा करत, उकडून वाळवत, चीनला विकत. १९०६ मध्ये परवाने बंद करून सरकारने ते थांबवलं. पण शब्द राहिले. योलंगू भाषांत आजही गोऱ्या माणसाला ‘बलांडा’ म्हणतात, म्हणजे हॉलंडर. आणि पैशाला म्हणतात ‘रूपिया’. संस्कृत ‘रूप्य’ मलय बंदरांतून फिरत फिरत तिथवर गेलं, कुणी अस्त्र न टाकता.

मामा एकदम उठून बसले. ग्लेंडॅम्बोला रेंज आली तशी त्यांनी तासभर खपून कऱ्हाडच्या ग्रुपवर सगळं टाइप केलं: उंट, तार, समुद्रकाकड्या, योलंगू, रूपिया. शेवटी ‘अस्त्रालय हे चूक आहे, खात्री करून पाठवत जा’ असंही लिहिलं. पाच मिनिटांत पहिलं उत्तर आलं. मामांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि वाचलं:

“वा सर! म्हणजे रुपयासुद्धा आपलाच. फॉरवर्ड करतोय.”